वाचकांचे प्रश्न : ताजे मासे घरी गोठवून ठेवताना

दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास मासे साठवण्याविषयीची पत्रे वाढतात आणि त्यामागील कारण उघड आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला 1 जून ते 31 जुलै या काळात बंदी असते. त्यामुळे कुंभार्ली आणि आंबा घाट चढून कराड, सातारा, सांगली, मिरज येथील बाजारांत येणारी आवक घटते, भाव चढतात, आणि मिळतो तेव्हाच मासा घेऊन ठेवावा असे घरोघरी वाटू लागते. आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहे. लांब पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : माझे मेहुणे रत्नागिरीस नोकरीला असून गावी येताना थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून सुरमई आणि बांगडे आणतात. ते चार-पाच किलो मासे आम्ही त्याच रात्री साफ करून, तुकडे करून एका मोठ्या डब्यात भरतो आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवतो. तीन आठवड्यांनी काढल्यावर डब्यात लालसर पाणी साचलेले असते आणि तुकडे कोरडे, चिवट लागतात. मासे ताजे असूनही असे का व्हावे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : मासे ताजे होते याविषयी शंका घेण्याचे कारण नाही, बिघडला तो गोठण्याचा वेग. माशाच्या मांसात साधारण 70 ते 80 टक्के पाणी असते. हे पाणी उणे 1 ते उणे 2 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते आणि उणे 5 अंशांपर्यंत त्याच्या बऱ्याचशा भागाचा बर्फ झालेला असतो. एवढा टप्पा मासा किती वेळात ओलांडतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. तो झपाट्याने ओलांडला गेला तर बर्फाचे कण बारीक राहतात आणि मांसाच्या पेशी बहुतांशी शाबूत राहतात. पण मासा त्या टप्प्यात तासन् तास रेंगाळला तर कण मोठे होतात, पेशींची आवरणे फाटतात, आणि मासा बाहेर काढल्यावर आतील पाणी त्यात विरघळलेली प्रथिने आणि चव यांच्यासह निथळून जाते. आपल्या डब्यात साचते ते हेच पाणी, आणि ते गेल्यामुळेच उरलेले मांस चिवट लागते.

आता चार-पाच किलोंचा डबा एकदम फ्रीजरमध्ये ठेवल्यावर काय होते ते पाहावे. शून्य अंशावरील एक किलो पाण्याचा बर्फ करायचा तर त्यातून सुमारे 80 किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. एवढीच उष्णता काढली असता 80 अंशांचे कढत पाणी शून्यावर येते. घरगुती फ्रीज मुख्यतः थंड वस्तू थंड राखण्यासाठी बनवलेला असतो, इतकी उष्णता घाईने ओढून घेण्याची ताकद त्याच्यात नसते. कडेचे तुकडे गोठतात, परंतु मधले दुसऱ्या दिवशीही मऊच असतात, आणि या काळात फ्रीजरमधील आधीच्या वस्तूंचेही तापमान वर चढते. म्हणून फ्रीजरची जागा साधारण 25 ते 30 लिटर असेल तर दिवसाला एक किलोच्या आसपासच मासा गोठवावा. उरलेला मासा बर्फाच्या चुऱ्यात पुरून, वितळलेले पाणी निथळून जाईल अशा जाळीच्या भांड्यात, फ्रीजच्या खालच्या भागात ठेवून दुसऱ्या दिवशी घ्यावा. चांगला मासा बर्फात एक दिवस खुशाल थांबू शकतो. भरगच्च डब्यात अर्धवट गोठत राहण्यापेक्षा ते त्याला कितीतरी मानवते.

दुसरी गोष्ट जाडीची. एका वेळच्या कालवणापुरते किंवा तळण्यापुरते तुकडे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत एकाच थरात मांडावेत आणि पुडके दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जाड होऊ देऊ नये. जाडी निम्मी केली तर गोठायला लागणारा वेळ निम्म्याहूनही कमी होऊ शकतो. फ्रीजरमध्ये आधीच गार करून ठेवलेल्या स्टीलच्या ताटावर ही पुडकी एकमेकांना न चिकटवता ठेवावीत आणि दगडासारखी घट्ट झाल्यावरच एकावर एक रचावीत. पिशवीतील हवा काढण्यासाठी तोंड थोडे उघडे ठेवून पिशवी पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवावी. पाण्याच्या दाबाने हवा बाहेर जाते, मग तोंड घट्ट बंद करावे. हवा राहिली की गोठलेल्या माशाचे पाणी वाफ होऊन उडते आणि तुकड्यांवर पांढुरके, कोरडे चट्टे पडतात. असा मासा खाल्ल्याने अपाय होत नाही, परंतु त्या जागेची चव पुन्हा येत नाही.

बांगड्याविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे आहेत. त्यांचे तेल फ्रीजरच्या थंडीतही हवेशी संयोग पावून हळूहळू खवट होत जाते, म्हणून ते सुरमईच्या आधी संपवावेत. शिवाय हे मासे उन्हात किंवा बर्फाविना काही तास राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामिन हा पदार्थ तयार होतो. तो गोठवल्याने नाहीसा होत नाही आणि शिजवल्यानेही नाही. खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात तोंड लाल होणे, अंगाला खाज सुटणे, डोके दुखणे असा त्रास होतो. घाट चढून येणाऱ्या खोक्यातला बर्फ वाटेत संपून मासे कोमट झाले असतील, तर बांगडे गोठवू नयेत आणि खाऊही नयेत, मग ते कितीही प्रेमाने आणलेले असोत.

प्रश्न : आमच्याकडे नदीचे आणि तळ्यातील रोहू, कटला, चिलापी असे मासे कधी जिवंत, कधी नुकतेच मेलेले मिळतात. ते लगेच तुकडे करून गोठवावेत की अख्खे? गोठवल्याने त्यांचा चिखलासारखा वास जातो का? (एक वाचक, पलूस)

उत्तर : आपल्या भागाला लाभलेला हा फार मोठा फायदा आहे आणि मासे साठवू इच्छिणाऱ्यांनी त्याचा आधी विचार करावा असे मला वाटते. बाजारात ‘ताजी’ म्हणून मिळणारी सुरमई समुद्रातून निघून आपल्यापर्यंत पोहोचेतो बहुधा काही दिवस बर्फात राहिलेली असते. चिलापी मात्र सकाळी पाण्यात आणि दुपारी आपल्या स्वयंपाकघरात असू शकते. गोठवण्याने मासा ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत फार तर टिकून राहतो, सुधारत मुळीच नाही. त्यामुळे मुळात अधिक ताजा असलेला मासाच साठवणीला अधिक योग्य ठरतो.

नुकत्याच मारलेल्या माशाचे तुकडे मात्र लगोलग गोठवू नयेत. मासा मेल्यावर काही वेळाने ताठ होतो आणि नंतर पुन्हा सैल पडतो. ताठ होण्यापूर्वीच कापलेले आणि गोठवलेले तुकडे बाहेर काढल्यावर आकसतात, पाणी सोडतात आणि चिवट होतात. म्हणून कल्ले आणि आतडी काढून, पाठीच्या कण्यालगतची काळपट रक्ताची रेघ बोटाने खरवडून, मासा स्वच्छ थंड पाण्याने धुवावा, बर्फात ठेवावा आणि ताठरपणा उतरल्यावर तुकडे करावेत. लहान चिलापी असेल तर खवले काढून साफ केलेली अख्खीच गोठवणे उत्तम, कारण सांगाडा जागेवर असल्याने मांसाला आकसता येत नाही. आतडी ठेवून मासा कधीही गोठवू नये. पोटातील पाचकरस आजूबाजूचे मांस सैल करतात आणि बाहेर काढल्यावर पोटाची बाजू फाटते.

चिखलाचा वास पाण्यातील शेवाळासारख्या सूक्ष्म जीवांनी तयार केलेल्या एका द्रव्याचा असतो आणि तो गोठवल्याने जात नाही. हे द्रव्य कातडी आणि तिच्याखालील काळसर मांस यांत अधिक साठते, म्हणून तो भाग काढून टाकल्यास वास बराच कमी होतो. उरलेल्यासाठी चिंचेचे पाणी, लिंबू किंवा कोकम उपयोगी पडते. ते शिजवण्याच्या दिवशी लावावे.

न विचारलेली एक गोष्ट आग्रहाने सांगते. कृष्णेच्या पात्रात पाणी दूषित झाले की अधूनमधून शेकडो मासे मरून काठाला लागतात आणि काही लोक ते गोळा करून नेतात. असे मासे दिसायला ताजे असले तरी ते कशाने आणि केव्हा मेले हे कळायला मार्ग नसतो. ते घरी आणू नयेत.

प्रश्न : आमच्याकडे श्रावण पाळतात आणि गणपती उठेपर्यंत घरात मासे शिजत नाहीत. आखाडात घेऊन ठेवलेले मासे अनंत चतुर्दशीनंतर खाल्ले तर चालतील का? (एक गृहिणी, कराड)

उत्तर : आषाढी अमावस्येपासून अनंत चतुर्दशीपर्यंतचा काळ साधारण दीड महिन्याचा होतो. फ्रीजरचे तापमान उणे 18 अंशांवर स्थिर असेल तर ही मुदत अडचणीची नाही. रोहू, कटला, चिलापी, मरळ असे कमी तेलाचे मासे त्या तापमानाला चार ते सहा महिने चांगले राहतात, सुरमई सुमारे तीन महिने, बांगडा आणि तारली दोन-तीन महिने. प्रश्न आहे तो आपला फ्रीजर खरोखर उणे 18 पर्यंत पोहोचतो का, हा. एकाच दाराच्या फ्रीजमधील वरचा कप्पा बर्फ तयार करतो खरा, पण त्याचे तापमान पुष्कळदा तेवढे खाली जात नाही. दारावर चिकटवलेले तारे विजेची बचत दाखवतात, थंडावा नव्हे, हे ध्यानात घ्यावे. फ्रीजरमध्ये ठेवायचा छोटा तापमापक फारसा महाग नसतो. तो रात्रभर आत ठेवून सकाळी वाचावा. उणे 10 किंवा उणे 12 दिसले तर तेलकट मासा तीन आठवड्यांपलीकडे ठेवू नये, आणि दीड महिन्याच्या साठवणीचा विचारच सोडून द्यावा.

परंतु माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. आखाडातील बराच काळ बंदीचा असतो. त्या दिवसांत बाजारात दिसणारा समुद्राचा मासा बिगरयांत्रिक होड्यांनी जवळच्या पाण्यात पकडलेला असेल, पूर्व किनाऱ्यावरून आलेला असेल (तिकडची बंदी 15 एप्रिल ते 14 जून अशी असल्याने त्यांच्या नौका आधी निघतात), किंवा शीतगृहात गोठवून ठेवलेला आणि विक्रीसाठी पुन्हा मोकळा केलेला असेल. या शेवटच्या प्रकारचा मासा घरी आणून पुन्हा गोठवला तर पेशींची हानी दुप्पट होते. डोळे पांढरट आणि खोल गेलेले, कल्ले धुऊन निघाल्यासारखे फिकट, मांस दाबले असता बोटाचा खड्डा तसाच राहणारे आणि सारखे पाणी सुटणारे, अशी लक्षणे असतील तर तो मासा त्याच दिवशी शिजवावा. विक्रेत्याला सरळ विचारायलाही संकोच करू नये. नेहमीच्या गिऱ्हाइकाला बहुतेक जण खरे सांगतात. दीड महिन्यासाठीच घ्यायचे असेल तर गोड्या पाण्याचा मासा घ्यावा. ओला बोंबील तर गोठवूच नये. त्यात सुमारे 90 टक्के पाणी असते आणि बाहेर काढल्यावर हाती लगदा येतो. त्याला सुकवणे हाच आपल्या किनाऱ्यावरील लोकांनी शोधलेला योग्य उपाय आहे.

कोळंबी मात्र चांगली टिकते. डोके काढावे, कारण ती काळी पडते आणि मऊ होते ते मुख्यतः डोक्यातील पाचकरसांमुळे. कवच राहू द्यावे. अशी कोळंबी डब्यात घालून ती बुडेल इतके बर्फासारखे थंड पाणी ओतावे आणि पाण्यासकट गोठवावे. बर्फाच्या आत हवा पोहोचत नाही. मांदेलीसाठीही हीच रीत वापरावी.

प्रश्न : मीठ, हळद आणि मसाला लावून मासे गोठवले तर ते अधिक टिकतात, असे सांगतात. हे खरे आहे का? (एक वाचक, विटा)

उत्तर : अल्प काळासाठी सोय म्हणून ठीक, टिकण्यासाठी नव्हे. तुकड्यांना चोळलेले मीठ पाणी ओढून काढते आणि तेलकट माशाचे तेल लवकर खवट करते. म्हणून बांगड्याला मीठ लावून महिनाभर ठेवणे हे न लावता ठेवण्यापेक्षा वाईट. लिंबू, चिंच किंवा आगळ यांतील आंबटपणाने मांसाचा वरचा थर पांढरट आणि भुसभुशीत होतो. आले-लसणाचे वाटण कच्चेच गोठवले तर त्याचा वास काही दिवसांनी उग्र होतो. चार-सहा दिवसांत तळायचे असेल तर हळद आणि तिखट लावून ठेवावे, मीठ आणि आंबट तळणीच्या आधी लावावे. कमी तेलाच्या माशाला मिठाच्या पाण्यात क्षणभर बुडवून काढण्याची पद्धत मात्र चांगली आहे: एक लिटर थंड पाण्यात पाव कप मीठ विरघळवून त्यात तुकडे सुमारे 20 सेकंद ठेवावेत आणि निथळून पिशवीत भरावेत. त्याने पुढे पाणी कमी सुटते.

प्रश्न : माझ्या सासूबाई माळकरी आहेत. घरात एकच फ्रीज आहे. मासे ठेवले तर बाकीच्या पदार्थांना वास लागतो का? (एक वाचक भगिनी, फलटण)

उत्तर : पिशवी नीट बंद करून वर घट्ट झाकणाचा डबा घातला तर गोठलेल्या माशाचा वास सहसा पसरत नाही, तरीही बर्फाचे ट्रे वास चटकन धरतात, ते उघडे ठेवू नयेत. पण आपल्या प्रश्नात वासाइतकाच सासूबाईंच्या मनाचाही भाग आहे असे मला जाणवले. एकच फ्रीजर सर्वांचा असेल तर मासा ज्या दिवशी खायचा त्याच दिवशी आणावा, साठवू नये, असा माझा सल्ला आहे.

प्रश्न : पुराच्या वेळी आमच्याकडे दीर्घ काळ वीज नव्हती आणि फ्रीजरमधील सगळे मासे टाकावे लागले. वीज गेल्यावर किती वेळ मासे सुरक्षित राहतात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : 2019 आणि 2021 च्या पुरानंतर हा प्रश्न सांगलीकरांना पडणे स्वाभाविकच आहे. भरलेला स्वतंत्र डीप फ्रीझर दार न उघडल्यास सुमारे 48 तास आणि अर्धा भरलेला सुमारे 24 तास थंडी धरून ठेवतो. फ्रीजच्या वरच्या छोट्या कप्प्याची क्षमता याहून बरीच कमी असते. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्या गोठवून भरून काढली तर मुदत थोडी वाढते. आपण घरी नसताना वीज गेली होती का हे कळण्यासाठी वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे तळाशी दिसले तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठले, असे समजावे आणि मासे टाकून द्यावेत. वीज आल्यानंतर माशात बर्फाचे कण अजून जाणवत असतील तर तो पुन्हा गोठवण्यास हरकत नाही, फक्त त्याची प्रत उतरेल. तो कालवणात वापरावा. पूर्ण मऊ झालेला आणि किती वेळ तसा राहिला हे ठाऊक नसलेला मासा वासाला चांगला वाटला तरी ठेवू नये. थंडीत जिवाणू मरत नाहीत, फक्त स्वस्थ बसतात, आणि ऊब मिळताच वाढू लागतात. पावसाळ्यात नदीकाठच्या वस्त्यांमध्ये मोठी साठवण करूच नये, हे बरे.

प्रश्न : गोठवलेला मासा बाहेर काढण्याची योग्य पद्धत कोणती? आम्ही सकाळी ओट्यावर काढून ठेवतो आणि दुपारी शिजवतो. (एक वाचक, वाई)

उत्तर : ओट्यावर ठेवणे टाळावे. उन्हाळ्यात आपल्याकडे स्वयंपाकघराचे तापमान 35 अंशांच्या पुढे जाते. तुकड्याचा मधला भाग गोठलेलाच असतो आणि वरच्या भागात जिवाणूंची वाढ सुरू झालेली असते. आदल्या रात्री पुडके खोलगट थाळीत घालून फ्रीजच्या खालच्या भागात ठेवावे, सकाळपर्यंत ते सावकाश सुटते आणि पाणीही कमी जाते. घाई असेल तर बंद पिशवीच थंड पाण्यात बुडवावी आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. पातळ पुडके तासाभरात मोकळे होते. गरम पाणी वापरू नये. यंत्राने हवा पूर्ण काढलेले विकतचे पाकीट असेल तर ते फ्रीजमध्ये ठेवण्यापूर्वी कापून उघडावे, कारण हवाबंद माशात काही घातक जिवाणू फ्रीजच्या तापमानालाही वाढू शकतात.

रश्श्यासाठी मासा पूर्ण सुटण्याची वाट पाहण्याची गरज नाही. पातळ तुकडे गोठलेलेच उकळत्या कालवणात सोडावेत आणि काही मिनिटे अधिक शिजवावेत. तळायचा मासा मात्र पूर्ण सुटू द्यावा आणि स्वच्छ कापडाने टिपून कोरडा करावा, मग मीठ-मसाला लावावा. ओला राहिलेला तुकडा तव्यावर तळला न जाता वाफेत शिजतो, रवा सुटून येतो आणि तेलही उडते.